सुंदरगडचा माणूस, दिल्लीचे खाते
तीन वेळा एकाच खात्याचे मंत्री झालेले जुएल ओराम आणि दिल्लीच्या यादीत नसलेला आदिवासी

दिल्लीच्या राजकारणात मंत्र्याला खात्याशी फार जवळीक परवडत नाही. आज रेल्वे, उद्या कोळसा, परवा नभोवाणी! खात्याची नाडी कळू लागते न लागते तोच फेरबदलाची यादी येते आणि दारावरची पाटी बदलते. जुएल ओराम यांची कारकीर्द या रिवाजाला अपवाद ठरली आहे. १९९९ मध्ये अटलबिहारी वाजपेयी यांच्या मंत्रिमंडळात ते आदिवासी कल्याण खात्याचे मंत्री झाले. २०१४ मध्ये नरेंद्र मोदी यांच्या पहिल्या मंत्रिमंडळात पुन्हा तेच खाते त्यांच्याकडे आले आणि २०२४ च्या जूनमध्ये तिसऱ्यांदा त्याच खात्याची सूत्रे त्यांनी हाती घेतली. मधल्या काळात सरकारे बदलली, पक्षाचे नेते बदलले, ओराम स्वतः एकदा निवडणूकही हरले. पण परतले तेव्हा खाते तेच होते.

ओराम यांच्या कारकिर्दीकडे पाहणे म्हणजे एका खात्याची पंचवीस वर्षांची कहाणी पाहणे होय. या खात्यात मंत्र्याच्या हाती किती असते आणि किती नसते, हेही या कहाणीतून कळते. त्याचा संबंध केवळ दूरच्या जंगलांशी नाही. दिल्लीच्या द्वारकेसारख्या वसाहतीत ज्या घरांमध्ये धुणीभांडी करायला आणि मुले सांभाळायला दूरच्या गावांतल्या मुली येतात, त्या घरांशीही तो आहे.

वीजतंत्रज्ञ ते आमदार

ओडिशाच्या उत्तर टोकाला, झारखंड आणि छत्तीसगडच्या सीमेला लागून सुंदरगड जिल्हा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यातले निम्म्याहून थोडे अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत. उराँव, मुंडा, किसान, खडिया, गोंड अशा अनेक जमाती येथे शतकानुशतके नांदत आल्या आहेत. याच जिल्ह्यातल्या केंदुडिही या गावी २२ मार्च १९६१ रोजी जुएल ओराम यांचा जन्म झाला. ते उराँव समाजाचे. त्यांच्या जन्माच्या दोनच वर्षे आधी, फेब्रुवारी १९५९ मध्ये, राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते जिल्ह्यातल्या राउरकेला येथे पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली होती.

स्वतंत्र भारताच्या दृष्टीने तो अभिमानाचा क्षण होता. पण कारखान्यासाठी आणि त्याला पाणी पुरवणाऱ्या मंदिरा धरणासाठी तीसहून अधिक गावांची जमीन गेली आणि त्यात आदिवासींची संख्या मोठी होती. काहींना कारखान्यात काम मिळाले, काहींना पुनर्वसनाच्या वसाहती मिळाल्या आणि कित्येकांच्या हाती काहीच लागले नाही. विकास आणि विस्थापन ही जोडगोळी सुंदरगडच्या मुलाला पुस्तकातून शिकावी लागत नाही. ती त्याच्या डोळ्यांसमोरच असते.

ओराम यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि ‘भेल’ या सरकारी कंपनीत नोकरी धरली. सरकारी कंपनीतली पक्की नोकरी म्हणजे आदिवासी घरातल्या मुलासाठी केवढी मोठी गोष्ट! परंतु १९८९ मध्ये ते राजकारणात उतरले, तेही भारतीय जनता पक्षात. ओडिशात त्या वेळी या पक्षाला फारसे कोणी विचारीत नव्हते. १९९० च्या विधानसभा निवडणुकीत जनता दलाची लाट आली आणि १४७ जागांपैकी १२३ जागा त्याने जिंकल्या. भाजपच्या वाट्याला दोनच जागा आल्या. त्यांतली एक होती सुंदरगड जिल्ह्यातली बोनाई आणि तेथून निवडून आलेले आमदार होते २८ वर्षांचे जुएल ओराम. १९९५ मध्येही बोनाईने त्यांनाच पाठवले. १९९८ मध्ये ते सुंदरगडमधून लोकसभेवर गेले आणि पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत ती जागा त्यांनी राखली.

कोऱ्या पाटीचे खाते

आदिवासींच्या प्रश्नांना दिल्लीत स्वतःचे घर मिळायला स्वातंत्र्यानंतर बावन्न वर्षे लागली. आधी हा विषय गृह मंत्रालयाच्या एका विभागात होता. १९८५ नंतर तो कल्याण मंत्रालयात गेला आणि पुढे याच मंत्रालयाचे नाव ‘सामाजिक न्याय व अधिकारिता’ असे झाले. तेथे अनुसूचित जाती, अपंग, वृद्ध, व्यसनमुक्ती असे कितीतरी विषय एकाच छताखाली होते. आदिवासींचा प्रश्न वेगळा आहे, तो जंगलाशी, जमिनीशी आणि भाषेशी निगडित आहे, ही गोष्ट अशा गर्दीत बाजूला पडत असे.

ऑक्टोबर १९९९ मध्ये वाजपेयी सरकारने आदिवासी कल्याणासाठी स्वतंत्र मंत्रालय स्थापन केले आणि त्याचे पहिले मंत्री म्हणून ओराम यांनी शपथ घेतली. त्यांचे वय तेव्हा ३८ होते. त्यांच्याआधी या खात्यात कोणी मंत्री झालाच नव्हता. कोणत्या फायली कोणाकडून मागायच्या आणि कोणत्या विषयावर आपला शब्द चालणार, येथपासून सारेच ठरायचे होते.

ती पाच वर्षे आदिवासींच्या दृष्टीने घडामोडींची होती. नोव्हेंबर २००० मध्ये छत्तीसगड आणि झारखंड ही आदिवासींची मोठी वस्ती असलेली राज्ये जन्माला आली. २००३ च्या ८९ व्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जाती आणि जमातींचा संयुक्त आयोग विभागला गेला आणि फेब्रुवारी २००४ मध्ये राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोग स्वतंत्रपणे अस्तित्वात आला. ९२ व्या घटनादुरुस्तीने संथाळी भाषेला आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. या साऱ्याचे श्रेय एकट्या मंत्र्याला देता येणार नाही, पण आदिवासींचे प्रश्न मांडण्यासाठी मंत्रिमंडळात हक्काची एक खुर्ची होती, हे खरे.

त्या खुर्चीच्या मर्यादाही तेव्हाच दिसून आल्या. मे २००२ मध्ये पर्यावरण व वन मंत्रालयाच्या वन विभागाने राज्यांना पत्र पाठवून जंगलातली ‘अतिक्रमणे’ हटवण्यास सांगितले. पिढ्यान्‌पिढ्या जंगलात शेती करणारे आदिवासी कागदोपत्री अतिक्रमणदार ठरत होते, कारण त्यांच्याकडे सातबारा नव्हता. अनेक राज्यांत झोपड्या उठवल्या गेल्या. आदिवासींसाठी वेगळे मंत्रालय असतानाही जंगलाची किल्ली दुसऱ्याच मंत्रालयाकडे होती.

हॉकीच्या कर्णधाराशी सामना

२००४ मध्ये केंद्रातले सरकार गेले, पण ओराम सुंदरगडमधून निवडून आले. विरोधी बाकांवरून त्यांनी पाहिले की आपल्या जुन्या खात्याला नवे काम मिळत आहे. डिसेंबर २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा संमत केला आणि त्याच्या अंमलबजावणीची जबाबदारी वन खात्याकडे न देता आदिवासी खात्याकडे दिली. पी. आर. किंडिया, कांतिलाल भुरिया, व्ही. किशोर चंद्र देव असे मंत्री या काळात होऊन गेले. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तो याच कायद्याने.

त्याच २००९ साली ओराम यांना पराभव पत्करावा लागला. बिजू जनता दलाने भाजपशी काडीमोड घेतला होता आणि सुंदरगडची जागा काँग्रेसचे माजी मुख्यमंत्री हेमानंद बिस्वाल यांनी जिंकली. राजकारणात अशा पराभवानंतर कित्येकजण पक्ष बदलतात, नाहीतर घरी बसतात. ओराम यांनी दोन्ही केले नाही. पक्षाचे प्रदेशाध्यक्षपद त्यांनी सांभाळले आणि २०१४ साली ते पुन्हा मैदानात उतरले.

येथे मैदान हा शब्द अगदी अक्षरशः घ्यावा लागेल, कारण समोर होते दिलीप तिर्की. सुंदरगड म्हणजे हॉकीचे माहेरघर. येथे मुले चालायला लागली की हातात काठी घेतात, असे गमतीने म्हटले जाते. तिर्की हे याच मातीतले. अटलांटा, सिडनी आणि अथेन्स अशा तीन ऑलिम्पिकमध्ये खेळलेले, चारशेहून अधिक आंतरराष्ट्रीय सामने नावावर असलेले आणि भारताचे कर्णधारपद भूषवलेले खेळाडू. बिजू जनता दलाने त्यांना उमेदवारी दिली. ओडिशातल्या २१ पैकी २० जागा त्या पक्षाने जिंकल्या. उरलेली एक जागा सुंदरगडची होती आणि ती ओराम यांनी अवघ्या १८ हजारांच्या आसपास मताधिक्याने मिळवली. दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, हेच दोघे पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा ओराम यांचे मताधिक्य १ लाख ३८ हजारांवर गेले होते. दोन आदिवासी नेत्यांमधली ही लढत देशभर वाचली गेली, पण सुंदरगडमध्ये तिचे कुणालाच नवल वाटले नाही. येथे दोन्ही घरे ओळखीची!

शाळा, जंगल आणि न्यायालय

२०१४ ते २०१९ या दुसऱ्या पर्वात ओराम यांच्या खात्याच्या नावावर सर्वांत मोठे काम जमा झाले ते एकलव्य आदर्श निवासी शाळांचे. या शाळांची योजना १९९७-९८ पासूनच होती, पण तिची चाल मंद होती. २०१८ च्या अर्थसंकल्पात सरकारने जाहीर केले की ज्या तालुक्यात निम्म्याहून अधिक लोकसंख्या आदिवासींची आहे आणि आदिवासींची संख्या किमान २० हजार आहे, अशा प्रत्येक तालुक्यात २०२२ पर्यंत एकलव्य शाळा असेल. देशभरात सातशेहून अधिक शाळांचे उद्दिष्ट ठरले. २०२२ उलटून गेले तरी सर्व शाळा उभ्या राहिल्या नव्हत्या.

महाराष्ट्राच्या वाचकाला आश्रमशाळा ठाऊक आहेत. राज्यात पाचशेच्या आसपास सरकारी आश्रमशाळा आहेत आणि त्यांच्या बऱ्यावाईट बातम्या वर्षानुवर्षे येत असतात. त्यामुळे इमारत उभी राहिली म्हणजे शाळा झाली असे नाही, हे आपण जाणतो. एकलव्य शाळांतही हाच प्रश्न आला. शिक्षकांची भरती केंद्रीय परीक्षेने झाली, तीत हिंदीच्या ज्ञानाची अट होती आणि उत्तरेतले कित्येक शिक्षक दक्षिणेतल्या आदिवासी मुलांसमोर उभे राहिले. घरी एक भाषा, राज्याची दुसरी भाषा आणि गुरुजींची तिसरीच! पहिलीतल्या आदिवासी मुलाला शाळा परकी वाटते ती बहुतेक वेळा भाषेमुळेच, हे महाराष्ट्रातल्या कोरकू, भिली किंवा माडिया भागातल्या कोणत्याही अनुभवी शिक्षकाला विचारावे.

एप्रिल २०१८ मध्ये वनधन योजना सुरू झाली. मोह, चिंच, हिरडा, मध गोळा करणाऱ्या बायकांनी कच्चा माल व्यापाऱ्याला मातीमोलाने न विकता गटागटाने त्यावर प्रक्रिया करून तो विकावा, ही तिची कल्पना. त्याच वर्षी ओराम यांची एक टीपही गाजली. हैदराबाद येथे आदिवासी उद्योजकांपुढे बोलताना त्यांनी बँकांचे कर्ज बुडवून परदेशी गेलेल्या एका मद्यसम्राटाच्या हुशारीचा दाखला दिला. टीका झाली तेव्हा त्यांनी खेदही व्यक्त केला. आदिवासी तरुणाने केवळ नोकरी मागू नये, उद्योग करावा, हे त्यांना सांगायचे होते. उदाहरण मात्र चुकले!

या पर्वाची खरी कसोटी शेवटच्या महिन्यांत लागली. वनहक्क कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिकेवर १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की ज्यांचे वनहक्काचे दावे फेटाळले गेले आहेत, त्यांना राज्यांनी जंगलातून बाहेर काढावे. देशभरातले दहा लाखांहून अधिक दावे या आदेशाच्या कक्षेत येत होते. दावा म्हणजे कागद नव्हे, एक कुटुंब असते. केंद्र सरकारची बाजू न्यायालयात नीट मांडली गेली नाही, अशी कडाडून टीका आदिवासी संघटनांनी केली. सरकारला धावाधाव करावी लागली. केंद्राच्या विनंतीवरून २८ फेब्रुवारीला न्यायालयाने आपल्याच आदेशाला स्थगिती दिली. ती कुटुंबे त्या वेळी वाचली, पण पंधरा दिवस त्यांच्या डोक्यावर टांगती तलवार होती आणि त्यांचे खाते सांभाळणारा मंत्री स्वतः आदिवासी होता.

२०१९ ची निवडणूक ओराम यांनी दोन लाखांहून अधिक मतांनी जिंकली, तरी मंत्रिमंडळात त्यांचा समावेश झाला नाही. खाते अर्जुन मुंडा यांच्याकडे गेले आणि ओराम संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अध्यक्ष झाले. जून २०२४ मध्ये ते आपल्या जुन्या खात्यात परतले. राज्यमंत्री म्हणून सोबतीला आले ते मध्य प्रदेशातल्या बैतूलचे खासदार दुर्गादास उईके. मराठी कानावर पडणाऱ्या विदर्भालगतच्या या भागातले उईके राजकारणात येण्यापूर्वी शिक्षक होते. मंत्रिपदाला दोन-अडीच महिने होतात न होतात तोच ओराम यांच्या पत्नी झिंगिया यांचे ऑगस्ट २०२४ मध्ये भुवनेश्वर येथे डेंग्यूने निधन झाले. स्वतः ओरामही त्या वेळी डेंग्यूवर उपचार घेत होते.

त्याच वर्षी २ ऑक्टोबरला ‘धरती आबा जनजातीय ग्राम उत्कर्ष अभियान’ सुरू झाले. ६३ हजार गावे, पाच कोटींहून अधिक आदिवासी आणि ७९ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्च, असा त्याचा आवाका सांगण्यात आला.

किल्ल्या दुसऱ्यांच्या कमरेला

आकडे मोठे आहेत, पण ते खर्च कोण करते? येथेच या खात्याची खरी गोम आहे. आदिवासीची जमीन राज्याच्या महसूल खात्याकडे, जंगल पर्यावरण मंत्रालयाकडे, जमिनीखालचा कोळसा आणि लोखंड कोळसा व खाण मंत्रालयांकडे, दवाखाना आरोग्य खात्याकडे आणि रस्ता ग्रामविकासाकडे. सुमारे चाळीस मंत्रालयांनी आपल्या योजनांच्या रकमेतून सव्वाचार ते साडेसतरा टक्के एवढा वाटा आदिवासींसाठी बाजूला काढायचा, असा नियम आहे. तो वाटा खरोखर आदिवासींपर्यंत जातो की नाही, यावर लक्ष ठेवणे हे ओराम यांच्या खात्याचे काम. एकत्र कुटुंबातल्या धाकट्या सुनेसारखी त्याची स्थिती आहे. पाहुण्यांचे सारे तिने पाहायचे, पण कोठीची किल्ली सासूच्या कमरेला!

या बाबतीत महाराष्ट्राने एक वेगळी वाट काढली होती. राज्यात आदिवासी विकासाचे स्वतंत्र खाते १९८३ मध्येच सुरू झाले. १९९३ मध्ये सुकथनकर समितीच्या शिफारशीनुसार राज्याने असे ठरवले की योजनेच्या रकमेतला नऊ टक्के वाटा, म्हणजे लोकसंख्येतल्या आदिवासींच्या प्रमाणाइतका, आधीच वेगळा काढायचा आणि तो कशावर खर्च करायचा हे आदिवासी विकास खात्याने ठरवायचे. अकोले तालुक्यातले मधुकरराव पिचड हे त्या वेळी आदिवासी विकासमंत्री होते. पिचड यांचे ६ डिसेंबर २०२४ रोजी निधन झाले. त्यांच्या राजकारणावर मतभेद होते आणि राहतील, परंतु किल्ली सुनेच्या हाती देण्याचा हा निर्णय देशात ‘महाराष्ट्र पद्धत’ म्हणून ओळखला गेला. दिल्लीतल्या खात्याला तशी किल्ली मिळालेली नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये केरळचे केंद्रीय राज्यमंत्री सुरेश गोपी यांनी असे विधान केले की आदिवासी खाते एखाद्या उच्चवर्णीयाने सांभाळावे, म्हणजे आदिवासींचे भले होईल. गदारोळ उठला आणि त्यांनी विधान मागे घेतले. या वादात मूळ मुद्दा मात्र झाकला गेला. मंत्री कोणत्या जातीजमातीचा असावा, हा प्रश्न नाही. जे खाते दुसऱ्या खात्यांकडे केवळ विनवणी करू शकते, त्याच्या खुर्चीत कोणीही बसला तरी त्याचा हात तोकडाच पडणार.

सुंदरगडची गाडी दिल्लीला येते

आता थोडे दिल्लीतल्या द्वारकेकडे वळू. विमानतळाच्या पलीकडे वसलेल्या या उपनगरात २००५ च्या अखेरीस मेट्रो आली आणि सहकारी गृहसंस्थांच्या इमारती भराभर माणसांनी भरल्या. नवराबायको दोघेही नोकरीवर, घरात लहान मूल, सासूसासरे दूर गावी. पुण्या-नागपूरहून बदली होऊन आलेल्या मराठी कुटुंबाचीही हीच कथा. मग घरकामाला चोवीस तास राहणारी मुलगी हवी असते आणि ती पुरवणाऱ्या एजन्सीचा फोननंबर शेजारीण देते. ही मुलगी बहुधा झारखंडची, छत्तीसगडची, पश्चिम बंगालची किंवा ओडिशाची असते. गुमला, सिमडेगा, सुंदरगड, जशपूर हे जिल्हे अशा मुलींसाठी ओळखले जातात. म्हणजे आदिवासी मंत्र्याचा मतदारसंघ केवळ ओडिशातच नाही, तो द्वारकेच्या स्वयंपाकघरांतही पसरलेला आहे.

२०१२ च्या मार्चअखेरीस याच द्वारकेतल्या एका फ्लॅटमधून तेरा वर्षांच्या मुलीची सुटका झाली. ती झारखंडमधून एजन्सीमार्फत आणलेली होती. घरमालक परदेशी सहलीला गेले होते आणि मुलगी कुलूपबंद घरात एकटी होती. गॅलरीत रडताना ती शेजाऱ्यांना दिसली, तेव्हा कोठे प्रकार उघडकीला आला. घरमालकांना अटक झाली, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यास २००६ पासून बंदी होती, तरीही ती मुलगी त्या घरात होती. त्यानंतर, २०१४ मध्ये, दिल्ली सरकारने घरकामगार पुरवणाऱ्या खाजगी एजन्सींसाठी नोंदणीचा आदेश काढला.

अशा मुलीसाठी ओराम यांचे खाते काय करू शकते? येथे एक विलक्षण गोष्ट आहे. दिल्लीच्या अनुसूचित जमातींच्या यादीत एकही जमात नाही! हरियाणा आणि पंजाबमध्येही तेच. २०११ च्या जनगणनेत देशात १० कोटी ४३ लाख आदिवासी मोजले गेले, पण दिल्लीच्या रकान्यात शून्य होते. सुंदरगडमध्ये ती मुलगी उराँव किंवा खडिया असते, तिच्यासाठी शाळा, शिष्यवृत्ती, वसतिगृह अशा योजना असतात. रेल्वेत बसून दिल्लीत उतरली की सरकारी हिशेबात ती केवळ ‘कामवाली’ उरते. आदिवासींच्या नावाने बाजूला निघणारा पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात वाटला जातो. जेथे लोकसंख्याच शून्य, तेथे खाते काय पाठवणार? मुलींच्या वाहतुकीचा गुन्हा गृह खात्याचा, अल्पवयीन मुलगी महिला व बालविकास खात्याची, मजुरी कामगार खात्याची. पुन्हा किल्ल्या दुसऱ्यांच्याच कमरेला.

स्थलांतरित आदिवासी किती आणि कोठे आहेत याची माहितीच नाही, हे खुद्द खात्यालाही जाणवले होते. जानेवारी २०२१ मध्ये तत्कालीन मंत्री अर्जुन मुंडा यांनी गोव्यात ‘श्रमशक्ती’ या नावाने अशा कामगारांच्या नोंदणीची व्यवस्था सुरू केली. कल्पना योग्य होती. पण कुलूपबंद घरातली मुलगी स्वतः जाऊन आपले नाव नोंदवू शकत नाही. तिच्या वतीने ते काम कोणीतरी करावे लागते.

आपल्या हातची किल्ली

हे ‘कोणीतरी’ म्हणजे बऱ्याचदा घरची गृहिणी असते. घरात कामाला मुलगी ठेवताना तिचे वय कागदावर पाहावे, अठरा पूर्ण झाली नसेल तर तिला ठेवू नये. एजन्सी नोंदणीकृत आहे का ते विचारावे. पगार एजंटच्या हाती न देता मुलीच्या स्वतःच्या नावाने बँकेत खाते काढून तेथे भरावा. पोलीस पडताळणी करताना केवळ आपल्या चोरीच्या भीतीने नव्हे, तर तिच्या घरचा पत्ता आणि आईवडिलांचा नंबर आपल्याकडे असावा म्हणून करावी. आठवड्याची एक सुटी आणि महिन्यातून घरी फोन, हा उपकार नव्हे. शेजारच्या घरात लहान मूल काम करताना दिसले तर १०९८ हा मदतीचा नंबर आहे. आणि आपल्याकडची मुलगी कोणत्या जमातीची, तिच्या घरी कोणती भाषा बोलतात, हे तिला एकदा विचारून पाहावे. ती संकोचेल, पण मग सांगेल.

जुएल ओराम यांच्या कारकिर्दीचा हिशेब मांडताना शाळांचे आकडे, कोटींच्या रकमा आणि मताधिक्य सारेच मोजले जाईल. विरोधक २००२ आणि २०१९ चे दाखले देतील, समर्थक एकलव्य शाळांचे. दोघांनाही आपापल्या परीने आधार आहे. नोकरी सोडून आलेला एक वीजतंत्रज्ञ जेथे पक्षाला कोणी विचारीत नव्हते तेथून निवडून आला, पराभवानंतर उभा राहिला आणि आपल्याच समाजाच्या खात्यात तीनदा बसला, ही लहान गोष्ट नाही.

पण खात्याचे यश मंत्री किती काळ टिकला यावर ठरत नाही. सुंदरगडच्या मुलीला दिल्लीची गाडी पकडावीच लागू नये इतके तिच्या गावात असावे आणि तिने आपणहून पकडलीच तर उतरल्यावरही ती सरकारला आणि आपल्याला दिसावी, यावर ते ठरते. दिल्लीच्या रकान्यातले शून्य जोवर तसेच आहे, तोवर या खात्याचे निम्मे काम बाकी आहे, असेच म्हणावे लागेल.